‘चोक राहू द्या, ट्यूब तेवढी बदला’ हा सल्ला पुढे पाठवू नका

‘ऑफिसचं वीजबिल निम्मं करा’ असा पाच कलमी मेसेज सध्या फिरतोय. काल तो मेहुण्याकडून आला. त्याच्या ऑफिसात शनिवारी २०० ट्यूब बदलायच्या आहेत, त्याही शिपायाच्या हातून. म्हणून घाईने लिहितोय.

आधी तिसरं कलम, कारण ते धोक्याचं आहे: ‘इलेक्ट्रिशियन नको. जुन्या फिटिंगमध्ये चोक तसाच ठेवून एलईडी ट्यूब बसवा.’

कुठली ट्यूब? एक प्रकार तांब्याच्या चोकवर चालतो, पण त्यालाही जुना स्टार्टर काढून सोबत आलेला एलईडी स्टार्टर लावावा लागतो. तो नुसता फ्यूज असतो. दुसरा प्रकार थेट २३० व्होल्टवर चालतो. त्यासाठी वायरिंग बदलावंच लागतं. त्यातही काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. एका टोकाची ट्यूब असेल आणि होल्डरच्या दोन्ही पिना आतून जोडलेल्या असतील, तर बटण दाबताच शॉर्ट. इलेक्ट्रॉनिक चोकवर थेट लाइनची ट्यूब चढवली तर ती लुकलुकते किंवा तिचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) जळतो.

यात सगळे विसरतात तो कपॅसिटर, म्हणजे चोक ओढतो ती बिनकामाची वीज भरून काढणारा भाग. तांब्याच्या चोकच्या बऱ्याच फिटिंगमध्ये तो असतो. ४ मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर साधारण ६६ व्हीएआर (बिनकामाच्या विजेचं माप) घेतो, म्हणजे २०० फिटिंगचे १३ केव्हीएआर. चोक गेला की त्याचं काम संपतं, पण तो लाइनवरच राहतो. रात्री एसी बंद आणि दिवे चालू असले की पॉवर फॅक्टर (एकूण विजेत कामाच्या विजेचं प्रमाण) लीडिंगला, म्हणजे कपॅसिटरच्या बाजूला जातो, आणि तो आपोआप सांभाळणाऱ्या एपीएफसी पॅनेलला हे कपॅसिटर काढता येत नाहीत. महावितरण उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे बिनकामाची वीजही धरून, बिल लावते, तेव्हा याचे पैसे पडतात.

काम असं करा: एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, चोक, स्टार्टर, कपॅसिटर तिन्ही काढा, पिवळे पडलेले होल्डर बदला, ट्यूबवरच्या आकृतीप्रमाणे जोडा. मग फिटिंगवर ‘फक्त एलईडी’ असं ठळक लेबल लावा. एका टोकाला फेज-न्यूट्रल असलेल्या फिटिंगमध्ये उद्या कुणी जुनी ट्यूब घातली, तर तिची फिलामेंट थेट २३० व्होल्टवर जळेल. फिटिंग गंजलेलं असेल तर अख्खी एलईडी बॅटनच (पट्टी आणि दिवा एकत्र) लावा, ते सोपं पडतं.

पहिलं कलम, ‘बिल निम्मं’. दिव्यांचा वाटा निम्म्याखाली येतो, हे खरं. ३६ वॅटची ट्यूब चोकसकट ४८ वॅट खाते. जागी २० वॅटची एलईडी आली की २८ वॅट वाचतात. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर एका फिटिंगमागे ८४ युनिट. एसीवरचा उष्णतेचा भारही थोडा हलका होतो, तेही मान्य. पण मोठा खर्च एसीचाच असतो, तो कुठे निम्मा झाला? आणि आधीच २८ वॅटच्या बारीक टी-५ ट्यूब (चोकसकट साधारण ३१ वॅट) असतील तर बचत फिटिंगमागे जेमतेम ३३ युनिट. मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

दुसरं, ‘एलईडी जास्त उजेड देते, म्हणून एकाआड एक दिवा काढा’. भारतीय मानक आयएस ३६४६ (भाग १, १९९२) सर्वसाधारण ऑफिसला ३०० ते ७५० लक्स (उजेडाचं माप) सांगतं, मधला आकडा ५००. लक्स मीटर टेबलावर ठेवा, पडदे ओढून संध्याकाळी मोजा, मग काय काढायचं ते काढा. खिडकीजवळच्या रांगेला वेगळं बटण द्या. दिवसा ती रांग बंद ठेवता येते आणि कुणाच्या टेबलावर अंधार होत नाही.

चौथं, ‘५० हजार तास बघायला नको’. तो आकडा एलईडी चिपचा असतो. फॉल्स सीलिंगच्या गरमीत आधी जातो तो ड्रायव्हर. वॉरंटी त्याची मागा.

पाचवं, ‘जुन्या ट्यूब फोडून डब्यात टाका, जागा वाचते’. अजिबात नको! प्रत्येक ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो आणि फोडली की तो हवेत जातो, फोडणाऱ्याच्या नाकाशी. पारा असलेल्या ट्यूब ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. चार फुटी एलईडीच्या रिकाम्या खोक्यांतच जुन्या चार फुटी ट्यूब अखंड भरा आणि अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.