‘मी येणार नाही’ म्हणणारा कॅप्टन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एर्जे या बेल्जियन चित्रकाराच्या ‘टिनटिन इन तिबेट’ या चित्रकथेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिथेच चार ओळींत उत्तर द्यायला बसले होते, पण मावेना, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं, की दोरीला लटकलेला कॅप्टन हॅडॉक चाकू काढतो त्या पानावर मला आज चव्वेचाळिसाव्या वर्षीही रडू येतं. तुमचं म्हणणं असं, की कागदावरच्या रेघांसाठी रडणं म्हणजे वय वाढलं तरी मन न वाढल्याची खूण. ही माया घरातल्या जित्याजागत्या माणसांच्या वाट्याची होती आणि मी ती भलतीकडे उधळते आहे. शिवाय ज्या चित्रकारानं काँगोतल्या माणसांची विटंबना केली त्याच्या पात्रांवर जीव लावायचा, तोही एका बाईनं, जिला त्या जगात जागाच नाही! शेवटी तुम्ही विचारलंत, ‘हे वेड उतरणार कधी?’

तुमचा सूर कडक आहे, पण विचारलेलं खरं आहे. मीही खरंच सांगते.

आधी ते पान. टिनटिनच्या हरवलेल्या मित्राच्या शोधात हिमालयात चढताना हॅडॉक कड्यावरून घसरतो आणि दोरीला लोंबकळतो. वर त्याचा तरुण पत्रकार मित्र टिनटिन, अंगाला बांधलेल्या त्याच दोरीनं त्याला पेलून धरलेला. ना वर ओढता येतंय, ना सोडता येतंय. हॅडॉक म्हणतो, दोर काप आणि तू तरी वाच. टिनटिन म्हणतो, वाचलो तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. मग हॅडॉक स्वतःच चाकू काढतो. थंडीनं बधिरलेल्या बोटांतून तो निसटून खाली जातो, आणि माघारी गेलेला शेर्पा थार्के परत आलेला असतो म्हणून दोघं वाचतात. एवढंच.

हे पान एकटं वाचलं तर कुणालाही रडू येणार नाही. मला येतं ते आधीच्या सगळ्या पानांमुळे. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला, टिनटिन नेपाळला निघतो म्हटल्यावर, हा हॅडॉक थयथयाट करतो. तुला कुठं जायचं तिथं जा, मी येणार नाही, आणि मी नाही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असाच असतो. पुढच्या चौकटीत विमान. त्यात दोघं. त्याचं मन कसं वळलं, कुणी वळवलं, रात्रभर तो तळमळला का, यातलं एर्जेनं काहीही काढलेलं नाही. दोन चौकटींच्या मधे बोटभरही नसलेली एक पांढरी पट्टी आहे आणि हॅडॉकचं सगळं प्रेम त्या पट्टीत घडतं.

चित्रकथेतल्या पात्रांवर जीव जडतो तो याच पट्टीमुळे, असं मला मनापासून वाटतं. कादंबरीकार मनातलं लिहून देतो, सिनेमात नट चेहऱ्यानं करून दाखवतो. इथे चित्रकार आपल्याला ‘नाही’ दाखवतो, मग विमान दाखवतो, आणि मधलं आपल्यावर सोपवून मोकळा होतो. ते मधलं मी पहिल्यांदा घडवलं तेव्हा नऊ वर्षांची होते. सांगलीत रद्दीच्या दुकानातून वडिलांनी आणलेली इंग्रजी प्रत होती, मागची दोन पानं सुटलेली, आणि इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळायचं. त्यामुळे फुग्यांतल्या शब्दांपेक्षा चेहरे आणि त्या मोकळ्या जागा मी जास्त वाचल्या. हॅडॉकचं मन वळवण्याचं काम पस्तीस वर्षं मी करत आले आहे. ज्याच्यासाठी इतकं केलं त्याच्याविषयी माया वाटली, तर त्यात मन न वाढण्याचं काय आहे?

तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा तर त्याच्यावर जीव लावावा असं काहीच नसतं. 1940 साली सुरू झालेल्या ‘द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज’मध्ये तो स्वतःच्याच जहाजावर जवळजवळ कैदी आहे. त्याचा हाताखालचा अधिकारी ॲलन त्याला दारूत बुडवून ठेवतो आणि जहाजातून अफूची चोरटी ने-आण करतो. टिनटिन त्याला सोडवून होडीत घालतो, तर हा गारठला म्हणून होडीची वल्हीच पेटवतो. रडतो, चिडतो, जीव धोक्यात घालतो. तिथून तिबेटातल्या त्या चाकूपर्यंतचा प्रवास 10 पुस्तकांहून जास्त आहे. तो सुधारत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दारू सुटत नाही, तोंड सुटलेलंच राहतं, तिबेटातही त्याच्या पाठपिशवीतली व्हिस्की सांडते आणि ती पिऊन टिनटिनचा कुत्रा, बिचारा स्नोई, झिंगतो. (माझी एक बंगाली मैत्रीण स्नोईला ‘कुट्टुस’ म्हणते. बंगाली भाषांतरात त्याचं तेच नाव आहे, आणि तिच्या घरी तो घरचाच कुत्रा असल्यासारखं बोलतात. मराठीत त्याला असं घरचं नाव मिळालं नाही, याची मला खंत आहे.)

आता तुमचा सगळ्यात बोचलेला मुद्दा. जित्याजागत्या माणसांच्या वाट्याची माया.

2011 साली माझ्या वडिलांना महिनाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. माझे मामा चिपळूणजवळ राहायचे. मी फोन केला तेव्हा ते गरजले, मला दवाखान्याचा वास सोसत नाही, तुझ्या बापाला माझी गरजही नाही, मी काही येणार नाही, आणि फोन ठेवला. आईनं डोळे पुसले. तिला ते लागलं. मला नाही लागलं. मी मावशीला म्हटलं, मामाचं अंथरूण काढून ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पहिल्या एसटीनं येऊन दारात उभे, हातात कापडी पिशवी, तोंडानं रस्त्यांच्या नावानं शिव्या. पुढच्या सतरा रात्री ते त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर झोपले. त्यांचा ‘नाही’ ऐकून मी घाबरले नाही, कारण तसा ‘नाही’ मी लहानपणापासून वाचत आले होते. तेव्हा तुम्ही म्हणता ती माया कागदावर उधळली गेली नव्हती. माणसाच्या बोलण्यामागचं ऐकण्याची सवय मला कागदावरूनच लागली होती, आणि ती माणसाच्याच कामी आली.

गेल्या वर्षी मामा गेले. इथे मला एक सोपं उत्तर देता आलं असतं, की मी हॅडॉकसाठी कुठे रडते, मी तर मामांसाठीच रडते. तुमचं समाधानही झालं असतं. पण ते खरं नाही. मामांसाठी मी रडले ती वेगळी, त्यांच्या ओसरीवर बसून रडले. त्या पानावर मी हॅडॉकसाठीच रडते, तो दोरीवर आहे म्हणून रडते, थार्के येणार हे पाठ असूनही रडते. तो कुणाच्या बदल्यात नाही. आपल्याकडे गावच्या नाटकात द्रौपदीच्या प्रवेशाला डोळ्याला पदर लावणाऱ्या बायकांना कुणी विचारत नाही, की तुमच्या घरात कोण गेलं. चित्रकथेच्या वाचकालाच तेवढं का विचारावं?

आणि खुद्द एर्जेच्या बाबतीत तुम्ही केलेली ही वाटणी, इकडे कागद आणि तिकडे माणसं, टिकतच नाही. टिनटिन तिबेटात ज्याला शोधतो तो चांग खरा माणूस होता. झांग चोंगरेन, ब्रुसेल्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकणारा चिनी विद्यार्थी. 1934 मध्ये दोघांची गाठ पडली. चीनवरची कथा एर्जे तेव्हा नेहमीच्या ऐकीव चित्रांवरून रचायला निघाला होता. झांगनं त्याला चीन समजावून सांगितला, कुंचला कसा धरतात ते दाखवलं आणि ‘द ब्लू लोटस’च्या चित्रांतल्या भिंतींवर, फलकांवर स्वतः चिनी अक्षरं लिहिली, त्यांत जपानी आक्रमणाविरुद्धच्या घोषणाही होत्या. 1935 मध्ये तो शांघायला परतला आणि पुढे युद्ध आणि उलथापालथीत दोघांचा संबंध तुटला. 1958 मध्ये, संसार मोडायला आलेला, रात्री नुसत्या पांढऱ्या शुभ्र भीतीची स्वप्नं पडतायत, झुरिकचा मानसोपचारतज्ज्ञ काम थांबवा म्हणतोय, अशा दिवसांत एर्जेनं काय काढलं? विमान कोसळून मेला असं सगळे ज्याच्याविषयी म्हणतात, त्या मित्राला केवळ एका स्वप्नाच्या भरवशावर शोधायला निघालेला मुलगा. त्या कथेत खलनायक नाही. बर्फ आहे आणि माणसाला जीव लावणारा यती, म्हणजे हिममानव, आहे. 1981 च्या मार्चमध्ये खरा झांग ब्रुसेल्सला आला, दोघं भेटले, तेव्हा एर्जेला जगायला जेमतेम 2 वर्षं उरली होती. खरा मित्र भेटला म्हणून कागदावरचा चांग खोटा ठरला नाही.

काँगोबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. टिनटिनला काँगोत नेणारी 1930–31 मधली ती कथा वर्णद्वेषी आहे. न पाहिलेल्या देशातल्या माणसांना त्यानं ओठ आणि डोळे एवढंच ठेवून रंगवलं, पोरकट बोलायला लावलं. एका कट्टर कॅथलिक वृत्तपत्राच्या मुलांच्या पुरवणीत ती छापून यायची आणि बेल्जियमच्या वसाहतीचं कौतुक मुलांच्या मनात रुजवणं हेच तिचं काम होतं. 1946 च्या रंगीत आवृत्तीत शाळेच्या प्रसंगातलं ‘तुमचा देश बेल्जियम’ काढून तिथे बेरजेचं गणित घातलं, पण चेहरे तसेच राहिले. त्याहून मला जास्त सलतं ते युद्धातलं. जर्मन ताब्यातल्या ‘ल स्वार’ या दैनिकात तो काम करत राहिला आणि 1941–42 च्या ‘द शूटिंग स्टार’मध्ये त्यानं ब्लूमेनस्टाइन नावाचा ज्यू सावकार खलनायक केला. पुढे नाव बदललं, नाक बदललं नाही. तेव्हा ब्रुसेल्समध्ये ज्यू माणसांवर काय ओढवत होतं ते आपल्याला ठाऊक आहे. याला मी ‘त्या काळाची रीत’ म्हणणार नाही. त्याच काळात वेगळं वागलेली माणसंही होती.

माझी मुलगी चौदाची झाली तेव्हा काँगोचं पुस्तक मी तिला शेजारी बसून वाचायला दिलं. निम्म्यावर तिनं ते मिटलं आणि विचारलं, ‘हे आणि यतीवालं, दोन्ही एकाच माणसाचं?’ मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मलाही त्यापलीकडे सांगता आलं नाही, आजही येत नाही. हॅडॉकवरचं प्रेम त्यानं कमी झालं का? नाही झालं. पण ते आता पूर्वीसारखं निर्धास्त नाही, आणि तसं नसावंच.

बायकांविषयीचा तुमचा मुद्दाही बरोबर. एक गायिका कास्ताफिओरे बाई सोडल्या तर सांगण्यासारखं कुणी नाही, आणि तिबेटात तर त्यांचाही फक्त आवाज येतो, रेडिओतून. लहानपणी मला टिनटिन व्हायचं नव्हतं, हॅडॉक व्हायचं होतं. मोठ्यानं चिडणाऱ्या, हट्टी, तरीही सगळ्यांना हव्याशा वाटणाऱ्या बाईचं चित्र मला दुसरीकडे कुठे दिसत नव्हतं, म्हणून मी ते त्या दाढीवाल्यातच पाहिलं.

राहिलं वेड उतरण्याचं. 3 मार्च 1983 ला एर्जे गेला. आपल्यामागे दुसऱ्या कुणी टिनटिन काढू नये अशी त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली. त्याच्या टेबलावर राहिलेली शेवटची कथा, ‘टिनटिन अँड आल्फ-आर्ट’, 1986 मध्ये कच्च्या रेखाटनांसकट तशीच छापली. शेवटच्या पानावर टिनटिनला पिस्तुलाच्या धाकानं नेत आहेत, अंगावर पॉलिएस्टर ओतून त्याचा पुतळा करायला. पुढची चौकट नाही. हॅडॉक त्या वेळी कुठे आहे, काय करतोय, ते मला माहीत आहे. तो येतो आहे, आणि येणार नाही असं ओरडत येतो आहे.