प्रतिकारक जिवाणू तयार होणारच

बेडकाच्या त्वचेतल्या जिवाणूनाशक पेप्टाइडांवरचा (म्हणजे छोट्या प्रथिनांवरचा) तुमचा लेख आवडला, पण ‘बेडकाच्या त्वचेतल्या पेप्टाइडला जिवाणू प्रतिकार करूच शकणार नाहीत, कारण ते थेट पेशीपटल फाडते’ हे वाक्य खटकले. मॅगेनिन हे बेडकाचे पेप्टाइड शोधणाऱ्या मायकेल झास्लॉफ यांचेही मत साधारण तसेच होते. मग उत्क्रांतीचे अभ्यासक ग्रॅहम बेल यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलाय आणि स्यूडोमोनास या जिवाणूंना मॅगेनिनपासून बनवलेल्या पेक्सिगॅनान या औषधाचे हळूहळू वाढते डोस देत सहाशे-सातशे पिढ्या वाढवले. वेगवेगळ्या वाढवलेल्या २४ वंशांपैकी २२ वंशांत प्रतिकार आला. २००६ च्या त्या शोधनिबंधावर सहलेखक म्हणून झास्लॉफ यांचेही नाव आहे, आणि मला त्याचेच जास्त कौतुक वाटते.

मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत काम करते. कोलिस्टिन हे प्रतिजैविकही पेप्टाइडच (बेडकाचे नव्हे, मातीतल्या जिवाणूचे), तेही पटलावरच घाव घालते. तरी त्याला दाद न देणारा क्लेब्सिएला हा जिवाणू आमच्याकडे आयसीयूच्या नमुन्यांत सापडतो. जिवाणू आपल्या पटलावरचा ऋण विद्युतभार कमी करतो, मग धन भाराचे औषध चिकटायचे कशाला? कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरायला आपल्याकडे बंदी आली ती २०१९ मध्ये, तोवर प्रतिकार पसरायचा तो पसरून गेला होता. शिवाय आपल्या शरीरातही एलएल-३७ सारखी संरक्षक पेप्टाइडे असतात. बेडकाच्या औषधाला सरावलेला जिवाणू त्यांनाही जुमानेनासा झाला तर काय, ही शंका बेल यांनी २००३ मध्येच मांडली होती. लेखात तिचा उल्लेख हवा होता.