रविवार, दुपारी दीड वाजता

दूरदर्शनच्या रविवारची आठवण निघाली की सगळे 'महाभारता'वर येऊन थांबतात. साहजिक आहे. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, दर रविवारी सकाळी सासवडच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. सोप्यात सतरंजी, सतरंजीवर पोरं, मागे बायका, चौकटीला टेकून पुरुष, आणि बाहेर चपलांचा ढीग. हरीश भिमानींचा 'समया'चा आवाज घुमला की आजी पदर सावरून हात जोडायची.

पण मला लिहायचंय ते दुपारी दीडबद्दल. सकाळची गर्दी पांगलेली असायची, जेवणं झालेली असायची, आणि टीव्हीसमोर आम्ही घरचेच चार-पाच जण उरायचो.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे, कारण तिथलं प्रक्षेपण केंद्र १९७३ पासूनचं आणि आमच्याकडे चित्र यायचं ते तिथूनच. मध्ये डोंगर, त्यामुळे बूस्टर लावूनही जरा वारं सुटलं की पडद्यावर मुंग्या.

दीडच्या आधी कर्णबधिरांसाठी बातम्या असायच्या. शेजारचा एक मुलगा फक्त तेवढ्यासाठी यायचा. त्याला ऐकू येत नव्हतं, पुण्याला खास शाळेत शिकायचा, सुट्टीला गावी आला की बरोबर वेळेवर हजर. अगदी टीव्हीपुढे बसायचा आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या हातांकडे बघत राहायचा. मग मागे वळून आपल्या आईला खुणांनी काहीतरी सांगायचा. एरवी सगळं गाव त्याला समजावून सांगायचं. त्या थोड्या वेळात तो आईला समजावून सांगायचा.

आणि मग दीडला प्रादेशिक सिनेमा. बंगाली, मल्याळम, कन्नड, ओडिया, आसामी, मणिपुरी. बहुतेक राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. खाली इंग्रजीतून ओळी. आमच्या आळीत त्याला 'दुपारचा रडका सिनेमा' म्हणायचे आणि बऱ्याच घरांत त्या वेळी टीव्ही बंद व्हायचा. आमच्याकडे आजीमुळे चालू राहायचा. तिला अक्षर ओळख नव्हती आणि दुपारी झोप यायची नाही.

मी तेव्हा सातवीत. मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून. आजी विचारणार, "काय म्हनतोय त्यो?" आणि मी खालची ओळ वाचून मराठीत सांगणार, असा आमचा नेम. पांढरी अक्षरं पांढऱ्या धोतरावर आली की दिसायचीच नाहीत. अर्धी ओळ वाचून होईपर्यंत दुसरी यायची. मग मी अंदाजाने सांगायचे, आणि आजी म्हणायची, "आसं नसंल. त्याच्या तोंडावरनं तसं वाटत न्हाई."

एक आसामी सिनेमा मला आजही लख्ख आठवतो. एक गरीब शेतकरी भाताचं रान नांगरतोय. गावातला बडा माणूस येऊन म्हणतो, ही जमीन माझी आहे. मी ओळ वाचली आणि एका शब्दाला अडले. "मॉर्टगेज" असं मोठ्याने वाचलं. पलंगावर आडवे झालेले वडील डोळे न उघडता म्हणाले, "मॉर्गेज. टी म्हणायचा नाही. मॉर्गेज म्हणजे गहाण."

आजी ताठ बसली. "गहान व्हय?" आणि लगेच, "अंगठा घेतला असंल बघ बापाचा."

तिच्या माहेरची चार एकर अशीच गेली होती. कागद काय होता ते तिच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही, अंगठा तेवढा त्यांचा होता. ही गोष्ट आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हती. सिनेमातला तो माणूस कागद घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत होता आणि आजी मध्ये मध्ये आम्हाला माहेरचं सांगत होती. त्यानंतर कधीही तलाठ्याकडे जायचं निघालं की ती वडिलांना बजावायची, "त्या आसामातल्या मानसागत करू नगंस, आधी वाचून घे." पुरंदर तालुका सोडून ती गेली ती फक्त आळंदी, पंढरपूर आणि पुण्याच्या दवाखान्यात. तिच्या बोलण्यात आसाम आला तो असा.

पुढे मल्याळम सिनेमातलं घर बघून म्हणाली, "आपल्यावानीच चौक हाय की." बंगाली बाई मासा निवडताना काटा कसा काढते ते तिने टक लावून बघितलं, आणि ती तर माळकरी!

त्या काळात सगळं चांगलं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. बातम्या म्हणजे सरकारचाच आवाज असायचा, त्याची मला जराही ओढ नाही. सिनेमे संथ असायचे, निम्म्या वेळा वडील घोरत असायचे. आणि मुख्य म्हणजे ओळी इंग्रजीत. ज्यांच्या घरात वाचून सांगणारं कुणी नव्हतं, त्यांच्यासाठी तो सिनेमा मुका होता. चूक तिथे होती, ती सुधारायला हवी होती. आपण ती वेळच घालवून बसलो.

मला लोक म्हणतात, आता सगळं मोबाइलवर मिळतं, हवं ते शोधा. पण शोधायला आधी नाव माहीत असावं लागतं. आजीने आसामी सिनेमा कधीच शोधला नसता. तो तिच्या सोप्यात आला म्हणून तिने बघितला. माझं आवडतं मला दाखवायला आज शंभर जण टपलेले आहेत. मला ठाऊकच नाही ते घरात आणून सोडणं, हे राष्ट्रीय वाहिनीचं काम आहे, आणि माझं ठाम मत आहे की ते दुसरं कुणी करणार नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत 'रामायण' आणि 'महाभारत' परत दाखवलं. घराघरांत बघितलं गेलं, मीही बघितलं. ती दुपार मात्र परत आली नाही.

आणायला अवघड काय आहे? वर्षाला ५२ रविवार. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा. प्रत्येकीला दोन रविवार दिले तरी आठ उरतात, ते तुळू, खासी, भिली अशा अनुसूचीबाहेरच्या भाषांना द्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आपल्या पुण्यातच, लॉ कॉलेज रोडला आहे, आमच्या सासवडपासून एसटीने तास-दीड तास. फ्री डिशला महिन्याचे पैसे पडत नाहीत, वाडी-वस्तीवर ती आहेच. ओळी मराठीत द्या, आणि सह्याद्रीवर वाचता न येणाऱ्यांसाठी मराठी आवाजही द्या. वेळ मात्र ठरलेली हवी. दर रविवारी, दीड वाजता, कुणी बघो न बघो.

गेल्या महिन्यात सासवडला गेले होते. आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीय, बारीक अक्षर अजून दिसत नाही. जेवणं झाल्यावर माझ्या मुलाने त्याच्या मोबाइलवरचा एक कन्नड सिनेमा टीव्हीला जोडून दिला. खाली इंग्रजी ओळी. दोन मिनिटं आई गप्प बसली, मग म्हणाली, "काय म्हणतोय गं तो?"

मी वाचायला लागले. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठले, तर मागून मुलाचा आवाज आला, पुढची ओळ तो सांगत होता. त्याचं मराठी अडखळत होतं. आई म्हणाली, "असं नसेल. तिच्या तोंडावरनं तसं वाटत नाही."