आवाज कुणाचा?

2024च्या मार्चात आमच्या ऑफिसात सुतक पडलं. सकाळी कॉफी घ्यायला गेलो तर मशीनपाशी चारजण माना खाली घालून उभे. नोकरकपात जाहीर झाली असणार, असं धरून मी मनातल्या मनात व्हिसाचे दिवस मोजायला घेतले. तेवढ्यात एकजण पुटपुटला, "रेनेल जातेय." मी चेहरा पाडला. चेहरा पाडून झाल्यावर विचार करायला लागलो, ही रेनेल कुठल्या टीममधली? पेरोलची असेल तर या महिन्याचा पगार कोण काढणार?

रेनेल पेरोलची नव्हती. रेनेल ब्रुक्स-मून म्हणजे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाच्या स्टेडियममध्ये माइकवरून खेळाडूंची नावं पुकारणारी बाई. 2000 साली खाडीच्या काठावर हे स्टेडियम उघडलं तेव्हापासून 2023चा सीझन संपेपर्यंत तिथे तिचाच आवाज होता. एवढ्या वर्षांत स्टेडियमची नावं चार झाली, आधी पॅकबेल, मग एसबीसी, मग एटी अँड टी, आता ओरॅकल. आवाज तेवढा एकच राहिला. 2002च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तिनं माइक सांभाळला आणि कुठल्याही व्यावसायिक खेळाच्या अजिंक्यपदाच्या लढतीत हे काम करणारी ती पहिली बाई ठरली. त्या वेळचं तिचं स्कोअरकार्ड कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या संग्रहालयात, जपून ठेवलंय. 2010, 2012 आणि 2014 अशी तीन विजेतेपदं तिच्या आवाजात झाली. आणि आता नव्या कराराचं काही जमलं नाही म्हणून ती निघाली होती, तेही सीझन तोंडावर आलेला असताना.

हे सगळं मला माझ्या लेकीनं सांगितलं. ती इथंच जन्मली, त्यामुळे तिला सुतक खरोखरच लागलं होतं. "बाबा, तुला काहीच कसं वाटत नाही?" असं तिनं विचारलं, आणि तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

मला खरंच काही वाटत नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी पुण्याचा आहे. अमृततुल्यातल्या चहात आलं किती असावं इथपासून ते नासाचं यान कुठे चुकलं इथपर्यंत आम्हाला मतं असतात आणि ती कुणी विचारावी लागत नाहीत. पण बेसबॉलच्या मैदानातल्या निवेदनाबद्दल मत म्हणजे नक्की काय असावं, हे मला उमगेना. बॅटर मैदानात आला की त्याची जागा, नंबर आणि नाव सांगायचं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला की नवा कोण ते सांगायचं. उरलेला वेळ गप्प बसायचं. यात बिघडवायचं म्हटलं तरी माणूस किती बिघडवणार?

पुष्कळ बिघडवतो, असं एप्रिलमध्ये कळलं.

आमच्या सीट वरच्या मजल्यावर, म्हणजे बॉल दिसत नाही पण समुद्रावरचा वारा मात्र थेट अंगावर येतो अशा ठिकाणी. खाली नवी निवेदिका बोलायला लागली आणि आमच्या रांगांमध्ये परीक्षकमंडळ बसलं. पुढच्या रांगेतला दाढीवाला म्हणाला, फार ओरडते. मागच्या रांगेतली बाई म्हणाली, ऐकूच येत नाही. दोघांच्या मध्ये मी, म्हणजे एका रांगेचं अंतर. एकाला ती विमानतळावर गेट बदलल्याचं सांगतेय असं वाटलं, दुसऱ्याला ती वाढदिवसाला आलेल्या मुलांना केक खायला बोलावतेय असं वाटलं. एका गृहस्थांनी तर ती अजून पहिलं नाव घेतच होती तेव्हाच मान हलवून "नाही. नाही," असं जाहीर केलं. यांना बहुधा तिचं श्वास घेणंच आवडलं नसावं.

माझ्या शेजारच्या सीटवर गुडघ्यावर स्कोअरकार्ड आणि कानामागे पेन्सिल अशा थाटात एक आजोबा असतात. ते माझ्याकडे वळले.

"तुम्हाला कशी वाटली?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाच्या पंगतीत मी जिलबी नको म्हटलं असतं तरी यजमानांनी तसं पाहिलं नसतं. मग त्यांनी पेन्सिल कानामागून काढली आणि पुढच्या तीन इनिंग माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

आता खरं काय ते सांगतो. मला रेनेलचंही कधी काही कळलं नव्हतं. इथे वारा सुटलेला असतो, लसणाच्या फ्राइजचा पुडा उडू नये म्हणून एक हात त्यावर असतो, शेवटच्या इनिंगला सीगल पक्षी त्याच फ्राइजसाठी घिरट्या घालायला लागतात, आणि वरच्या मजल्यावर एकच वाक्य दोन-तीन स्पीकरमधून पुढेमागे येऊन एकमेकांना धडकतं. सगळे उठून ओरडले की मी उठून ओरडतो. एवढी वर्षं माझं यावर उत्तम चाललं होतं. कुणी मला परीक्षेला बसवलं नव्हतं.

नावांचं मात्र कौतुक करायला हवं. आमच्या संघात तेव्हा माइक यास्ट्रेम्स्की होता. मोठ्या यास्ट्रेम्स्कींचा, म्हणजे बोस्टनचे गाजलेले खेळाडू कार्ल यांचा नातू. त्याच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये झेडपासून केपर्यंत इतकी अक्षरं दाटीवाटीनं उभी असतात की पॅसेंजर गाडीचा डबा आठवावा. पण चाळीस हजार लोक ते एका दमात, न अडखळता म्हणतात. माझं आडनाव क्षीरसागर. सगळी अक्षरं जागच्या जागी, मध्ये हवा खेळायला जागा. तरी दहा वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा माणूस मला मिस्टर के म्हणतो. मी चेंडू बाराव्या रांगेत मारायला शिकलो असतो तर यांना क्षीरसागर म्हणता आलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच सीझनला कोरियाहून ली जंग-हू आला होता. त्याचे वडील तिकडचे नामांकित खेळाडू, 'वाऱ्याचा पुत्र' म्हणून प्रसिद्ध, म्हणून हा 'वाऱ्याचा नातू'. नव्या बाईंनी त्याचं नाव पुकारलं, तर आमच्या दाढीवाल्याचं म्हणणं पडलं की उच्चार चुकला. त्याला कोरियन येत होतं? नाही. मग? "रेनेलनं वेगळं म्हटलं असतं." रेनेलनं ते नाव मैदानात कधी पुकारलंच नव्हतं. पण न झालेल्या उच्चाराशी तुलना करण्याला काय म्हणणार?

मे महिन्यात सासरे आले. तीन महिन्यांसाठी. आप्पा सदाशिव पेठेतले, आणि आमच्या घरातलं हे एकमेव व्यावसायिक पात्र, कारण गल्लीतल्या गणेश मंडळाचा माइक त्यांनी तरुणपणापासून गुडघे जाईपर्यंत सांभाळला. 'लाल शर्ट, निळी चड्डी, नाव बंड्या सांगतो, घरच्यांनी मंडपाशी येऊन घेऊन जावं' हे त्यांनी ज्या भारदस्तपणे पुकारलंय त्या भारदस्तपणे इथे लोक राष्ट्रगीत म्हणत नाहीत. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा'च्या आरोळ्या ठोकण्यातही त्यांची हयात गेली. अशा माणसाला मी फुकटच्या तिकिटावर बेसबॉलला नेलं, हे मी काय करून बसलोय याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

खेळातलं त्यांना ओ की ठो कळलं नाही. "हा पळाला का नाही?" "तो परत का गेला?" असे दोन प्रश्न विचारून त्यांनी खेळ सोडून दिला आणि डोळे मिटून माइक ऐकत बसले. दुसऱ्या इनिंगच्या शेवटी डोळे उघडून म्हणाले, "जावईबापू, बाई चांगल्या घरातली वाटते. पण श्वास नावाच्या आधी घेते. नंबरच्या आधी घ्यायला हवा."

आजोबांनी विचारलं, हे काय म्हणाले? मी भाषांतर केलं. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. आयुष्यभर शोधत असलेला माणूस शेवटी सापडावा तसे ते आप्पांकडे बघत राहिले. मग माझ्या अंगावरून हात लांब करून त्यांनी आप्पांशी हस्तांदोलन केलं. त्या दिवसापासून मी मधल्या सीटवर दुभाषा.

आजोबा मूळचे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले, त्यामुळे त्यांच्या घराण्यात निवेदनाचा एकच देव, बॉब शेपर्ड. यांकीज संघाच्या स्टेडियममध्ये 1951 ते 2007. पेशानं वाणीचे प्राध्यापक, सेंट जॉन्स विद्यापीठात. खेळाडूचा नंबर नावाच्या आधीही सांगायचे आणि नंतरही, म्हणजे ज्यानं नीट ऐकलं नसेल त्याचीही सोय व्हावी. पाहुण्या संघातला कुणी अवघड नावाचा असला तर त्याच्याकडूनच उच्चार विचारून घ्यायचे. लोक त्यांना 'देवाचा आवाज' म्हणायचे. शेपर्ड थकले तेव्हा डेरेक जीटर या बड्या खेळाडूनं आपलं नाव दुसऱ्या कुणी पुकारायचं नाही असा हट्ट धरला. मग शेपर्डच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित केलं. शेपर्ड 2010च्या जुलैमध्ये वारले, नव्व्याण्णव वर्षांचे होऊन. जीटर 2014मध्ये निवृत्त झाला. तोवर घरच्या मैदानावर तो बॅटिंगला आला की तोच आवाज वाजायचा.

आप्पांनी हे दोनदा सांगायला लावलं. "म्हणजे माणूस गेल्यावरही चार वर्षं कामावर?"

"हो."

"पेन्शनीत धरली का ती वर्षं?"

आजोबांना याचं उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न मूलभूत आहे हे त्यांनी मान्य केलं. बदल्यात त्यांनी शिकागोचे पॅट पायपर सांगितले. ते कब्ज संघाच्या मैदानात 1916 ते 1974 निवेदन करत होते आणि सुरुवातीची बरीच वर्षं माइकशिवाय, हातात भोंगा घेऊन, मैदानाच्या कडेनं इकडून तिकडे धावत. आप्पांचे डोळे पाणावले. भोंग्याशी त्यांचा जुना जिव्हाळा आहे.

मागच्या रांगेतली बाई एकदा मध्येच म्हणाली, की 1993 साली कँडलस्टिकच्या जुन्या मैदानावर शेरी डेव्हिस आली तेव्हाही मी नाकं मुरडली होती. शेरी वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी, खुल्या निवडचाचणीतून आलेली, मेजर लीगमधली, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधली, पूर्णवेळ पहिलीच बाई. "आणि 2000 साली रेनेल आली तेव्हा मी म्हणाले, शेरीची सर नाही." सगळ्या रांगेनं तिच्याकडे वळून पाहिलं. बाईनं तातडीनं तोंडात फ्राइज कोंबल्या.

जुलैपर्यंत मला एकट्यालाच मत नव्हतं. लेक तीन मुद्दे सांगायची, आप्पांचे सात झाले होते, बायको मॅचला येत नसून तिलाही एक होतं. मी मनावर घेतलं. गाडीत, अंघोळ करताना, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी निवेदनाचा अभ्यास केला. आणि आप्पा भारतात परत गेल्यावर, सप्टेंबरच्या एका गार संध्याकाळी, माझं स्वतःचं, कुणाकडून उसनं न घेतलेलं मत तयार झालं. नवी निवेदिका आपल्या खेळाडूचं नाव वर चढवते आणि पाहुण्यांचं खाली उतरवते हे ठीक, पण पिचर बदलताना ती मधल्या पट्टीत अडकते, त्यामुळे येणारा आपला आहे की परका हे वरच्या मजल्याला समजायला अर्धा सेकंद उशीर होतो. मी हे आजोबांना सांगितलं. सांगताना हात थोडा हलवलासुद्धा.

आजोबा थंडपणे म्हणाले, "ती नवीन आहे. जरा सांभाळून घ्यावं माणसानं."

"पण तुम्हीच एप्रिलमध्ये..."

"एप्रिल होता तो," दाढीवाला पुढून म्हणाला. "आता चांगली आहे. मला आवडते."

मागच्या बाईनं तर "तुमच्यासारख्या लोकांमुळेच" असं वाक्य सुरू केलं आणि पुढचं माझ्यावर सोडलं. लेक उठून दोन सीट पलीकडे जाऊन बसली. मला वाटतं, त्या संध्याकाळी अख्ख्या स्टेडियममध्ये नव्या बाईवर टीका करणारा मी एकटा उरलो होतो, आणि माझी टीका नुकतीच भट्टीतून निघालेली, कुणी हात लावायला तयार नाही.

या सगळ्यात संघ 80 मॅच जिंकला आणि 82 हरला. गटात चौथा आला. सीझन संपल्याबरोबर संघाचे मुख्य सूत्रधार फरहान झैदी यांना घरी पाठवलं आणि त्यांच्या जागी बस्टर पोझी हा आपला जुना कॅचर आणून बसवला. मी त्या सकाळी मुद्दाम चेहरा पाडून कॉफी मशीनपाशी गेलो. तिथे कुणीही नव्हतं.

आप्पांचा मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. तब्येत, हवा, नातीचा अभ्यास हे बायकोकडून घेऊन झालं की फोन माझ्याकडे. "काय जावईबापू, बाई श्वास कुठे घेते आता?"

"सीझन संपला, आप्पा. आता एप्रिलमध्ये."

"मग एप्रिलमध्ये नीट रेकॉर्डिंग करून पाठवा. वारा येऊ देऊ नका मध्ये. आणि त्या रेनेलबाईंचंही एक जुनं पाठवा. इथे मंडळात दोन्ही ऐकवतो आणि हात वर करून घेतो, निकाल लागून जाईल एकदाचा."