कर्जाची गोष्ट : ‘श्यामची आई’ एकत्र वाचताना

आमच्या वाचनगटाने गेल्या शनिवारी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली शेवटची, म्हणजे बेचाळिसावी रात्र वाचून पूर्ण केली. आठवड्याला एकच रात्र, एकाने मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायची, असा नियम आम्ही पहिल्याच दिवशी ठरवला होता. सणवार, लग्नसराई, परीक्षा आणि आजारपणे धरून या वाचनाला वर्षाहून थोडा अधिक काळ लागला. मी हे पुस्तक शाळेत असताना बक्षीस म्हणून मिळाल्यावर वाचले होते आणि पुढे मुलीसाठी म्हणून पुन्हा एकदा वाचले होते, त्यामुळे ते मला माहीत आहे असा माझा समज होता. तो समज किती अपुरा होता, हे सांगण्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे.

आम्ही नऊ-दहा जण नाशिकरोडला एका सोसायटीच्या छोट्या सभागृहात जमतो. येथून जेल रोड जवळ आहे, आणि हे पुस्तक नाशिकच्याच तुरुंगात लिहिले गेले आहे. गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ते लिहायला घेतले आणि १३ फेब्रुवारीला हातावेगळे केले. थोड्या रात्री तेवढ्या सुटकेनंतर लिहिल्या. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या रस्त्याने आपण रोज भाजी आणायला जातो त्याच्याच आसपास कुठेतरी, कोठडीत बसून, तेहतीस वर्षांचा एक माणूस पाच दिवस आपल्या आईला आठवत होता, ही गोष्ट आमच्या गटातल्या प्रत्येकाला फार जवळची वाटली. कदाचित त्यामुळेच आम्ही दुसऱ्या कोणत्या पुस्तकाने सुरुवात केली नाही.

मोठ्याने वाचायचे ठरवले ते केवळ सोयीसाठी. गटातल्या दोघांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि एका मावशींना बारीक अक्षर लागत नव्हते. परंतु दोन-तीन रात्री झाल्यावर लक्षात आले की हे पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच रचलेले आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मित्रांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, ऐकणारे मधूनच काही विचारतात, एखाद्या दिवशी कोणी उशिरा येतो आणि त्याच्यासाठी सगळे थांबतात. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत असत, त्यामुळे समोर बसलेल्या मुलाचे लक्ष कुठे लागते आणि कुठे उडते, याचा त्यांना रोजचा अनुभव होता. एकट्याने वाचताना मी प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीचा हा आश्रमातला भाग भराभर मागे टाकत असे. ऐकताना तसे करता येत नाही, आणि करावेसेही वाटत नाही. आम्हीसुद्धा एकमेकांची वाट पाहत बसलेलो असायचो, चहाची भांडी गोळा व्हायची, पंख्याचा आवाज कमी केला जायचा आणि मग पुस्तकातही तसेच काहीसे सुरू व्हायचे.

पहिल्या रात्री, ‘सावित्री-व्रत’ वाचताना, एका ताईंबरोबर आलेला दहा वर्षांचा मुलगा खुदकन हसला. आजारी आईला वडाच्या प्रदक्षिणा घालवत नाहीत, म्हणून तिच्या वतीने त्या घालायला निघालेल्या श्यामला तिथल्या बायकांमध्ये जायची लाज वाटते, हे त्या मुलाला आपल्या ओळखीचे वाटले असावे. पुढे तो जवळजवळ प्रत्येक शनिवारी आला. ‘श्यामचे पोहणे’ या रात्री, विहिरीत उतरायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई फोकाने मारत बाहेर काढते तेव्हा तो हसला नाही, आईकडे सरकून बसला. मऊ, हळवी, सतत डोळ्यांत पाणी असलेली आई अशी जी प्रतिमा आपण घेऊन बसलो आहोत, ती मूळ पुस्तकातल्या बाईशी पुरती जुळत नाही. ही बाई कडक आहे, मानी आहे, आणि नवऱ्याच्या भावकीने घराबाहेर पडायची वेळ आणल्यावर माहेरच्या आसऱ्याला राहण्यापेक्षा स्वतःची झोपडी बरी म्हणून हट्ट धरणारी आहे.

पण मला मुख्यतः सांगायचे आहे ते कर्जाबद्दल.

शाळेच्या पुस्तकांत, वक्तृत्व स्पर्धांत आणि मातृदिनाच्या संदेशांत ‘श्यामची आई’मधले जे प्रसंग फिरतात ते ठरलेले आहेत. पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनही तसेच जपायला सांगणारी आई, झाडावरच्या मुक्या कळ्या तोडू नकोस असे सांगणारी आई, पत्रावळ लावायला शिकवणारी आई. हे प्रसंग सुंदर आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु तेवढेच वेचून काढले की जे उरते ते सुविचारांचे पुस्तक होते. सगळ्या रात्री क्रमाने ऐकल्यावर आम्हाला जे पुस्तक भेटले ते कोकणातल्या एका खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घराण्याच्या आर्थिक पडझडीचे आहे. सुरुवातीच्या रात्रींत त्याची फक्त चाहूल लागते, मध्यावर ते वाढत जाते, आणि शेवटच्या पंधरा-एक रात्रींची नुसती नावे वाचली तरी सगळे कळते : ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘गरिबांचे मनोरथ’, ‘वित्तहीनाची हेटाळणी’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’, ‘अब्रूचे धिंडवडे’. ‘आईचा शेवटचा आजार’ या सगळ्यानंतर येतो. ती आजारी पडते आणि जाते ती या नावांच्या ओळीतून चालत गेल्यावर.

‘आनंदाची दिवाळी’ ही रात्र घ्या. वडिलांचे धोतर फाटलेले आहे, आणि आई भावांकडून मिळालेल्या भाऊबिजेच्या पैशांतून त्यांच्यासाठी नवे धोतर आणवते. शाळेत मला हा प्रसंग पतिप्रेमाचा म्हणून शिकवला होता. या वेळी तो ऐकून झाल्यावर गटातल्या मावशी म्हणाल्या, ‘भाऊबिजेचा पैसा म्हणजे बाईच्या हातातला शेवटचा स्वतःचा पैसा. तो घरात खर्ची पडायला लागला की समजायचे, घर बुडाले.’ त्यांनी हे अगदी सहज सांगितले, जणू एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तसे, आणि मग थांबून स्वतःच्या लग्नातल्या पाटल्यांची गोष्ट सांगितली. ती त्यांची खासगी गोष्ट आहे, ती मी इथे लिहिणार नाही. पण धोतराच्या त्या प्रसंगात हिशेब मांडलेला आहे, हे मला तोवर दिसले नव्हते.

आमच्या गटात एक काका आहेत. ते एका बँकेत अनेक वर्षे कर्जवसुलीच्या कामात होते आणि निवृत्त होऊन आता बराच काळ झाला आहे. सुरुवातीला ते सांगत की आपण केवळ पत्नीच्या आग्रहाने येतो. सावकाराचा माणूस वसुलीला येतो, त्याच घरी जेवतो आणि वर त्या घरच्या बाईविषयी नको ते बोलतो, ती रात्र वाचायची पाळी नेमकी त्यांचीच आली. आईने आतून बाहेर येऊन त्या माणसाला खडसावले, इथपर्यंत ते वाचत गेले आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. नंतर त्यांनी सांगितले की नोकरीच्या सुरुवातीला एका गावात जप्तीची नोटीस दारावर चिकटवायला ते गेले होते, खळीचा डबा बरोबर न्यायचे विसरले होते, आणि त्या घरातल्या बाईने भाताची पेज आणून दिली होती. ‘नोटीस तिच्याच पेजेने चिकटवली,’ ते म्हणाले. एवढेच म्हणाले. त्या संध्याकाळी पुढची चर्चा झाली नाही, आणि व्हायला हवी होती असे मला वाटत नाही.

पुढे ‘अब्रूचे धिंडवडे’ वाचताना, गावात दवंडी पिटली जाते आणि ती घरात बसलेल्या आईच्या कानांवर पडते, तिथे दहा वर्षांच्या त्या मुलाने विचारले, ‘पण त्यांनी कर्ज घेतलं कशासाठी?’ आम्हा मोठ्यांपैकी कोणालाही चटकन उत्तर देता आले नाही. चाळीस रात्रींच्या जवळ येऊन पोहोचलो होतो आणि हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता! आम्ही मागे गेलो, निरनिराळ्या रात्रींतले तुकडे जुळवले : भाऊबंदकी आणि वाटण्या, घरातली लग्नकार्ये, उत्पन्न आटले तरी न सुटलेला जुना खोतीचा मोठेपणा, जमिनीचा तुकडा विकून मोकळे व्हायला न धजणारे वडिलांचे मन, आणि या सगळ्यावर चढत जाणारे व्याज. बँकवाल्या काकांच्या मते यातले शेवटचे कारण सर्वांत मोठे होते. वेळीच थोडे विकले असते तर पुढे सगळे गेले नसते, असे ते म्हणाले. कोकणातल्याच एका आजोबांनी मात्र जमीन विकणे म्हणजे काय असते हे शहरात राहणाऱ्यांना कळणार नाही, असे सांगून त्यांना अडवले. दोघेही चांगले तापले होते. एका ‘बालसाहित्या’च्या पुस्तकावरून सत्तरीतली दोन माणसे जमिनीसाठी इतक्या पोटतिडकीने भांडतात, यातच मला त्या पुस्तकाची ताकद दिसली.

सर्वांत अवघड शनिवार मात्र वेगळाच होता. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री, दलित समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईची मोळी तिच्या डोक्यावर चढवून द्यायला आई श्यामला सांगते आणि घरी येऊन आंघोळ कर असेही सांगते. आमच्या गटातल्या एक शिक्षिका वाचून झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, ‘माझ्या आजीने अशाच मोळ्या वाहिल्या. उचलून दिल्याचे मोल मला कळते, आणि आंघोळ केल्याचेही कळते.’ कोणीतरी ‘त्या काळाच्या मानाने’ असे काही म्हणू लागले. बाईंनी त्यांचे पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाल्या की त्या काळाच्या मानाने हे ज्यांना बोलता येत होते ते मोळीखाली उभे नव्हते. त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. आईची करुणा खरी आहे आणि ती उंबरठ्याशी येऊन थांबते, हे दोन्ही पुस्तकात लिहिलेले आहे. गुरुजींनी आईला उजळ दाखवण्यासाठी आंघोळीचे वाक्य गाळले नाही, यासाठी मी त्यांची ऋणी आहे. याच मुलाने पुढे १ मे १९४७ पासून पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर दहा दिवसांनी ते सोडले. त्याआधी ते त्यासाठी महाराष्ट्रभर फिरले होते. पुढच्या शनिवारी आम्ही रात्र वाचली नाही, त्या उपोषणाविषयी जे जे घरी होते ते आणून वाचले, आणि त्या शिक्षिकाबाईंनीच ते वाचून दाखवले.

पुस्तकात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. उपदेशाचे परिच्छेद लांबतात, एकच भावना तीन-तीन उपमांनी सांगितली जाते, आणि काही ठिकाणी श्याम स्वतःला इतके दूषण देतो की ऐकणाऱ्याचा जीव अवघडतो. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हे स्पष्ट सांगितले आणि तिच्याशी बहुतेकांचे एकमत झाले. पण तीच मुलगी शेवटी मथी मांजरीच्या मरणाचा उल्लेख आला तेव्हा उठून गॅलरीत गेली.

माझे ठाम मत असे झाले आहे की हे पुस्तक मुलाच्या हातात देऊन ‘वाच, संस्कार होतील’ असे सांगणे, हा मुलावरही अन्याय आहे आणि पुस्तकावरही. मुलाला त्यातले व्याज, वाटणी, जप्ती, दवंडी हे एकट्याने कळणार नाही, आणि आईवडिलांनी ते स्वतः वाचलेले नसेल तर तो कोणाला विचारणार? मोठ्यांनी ते एकत्र बसून, मोठ्याने, एका दमात न उरकता वाचावे आणि मुलांना तिथे येऊन बसू द्यावे. वीस-पंचवीस मिनिटांत एक रात्र वाचून होते. जागेला भाडे लागत नाही, वक्ता लागत नाही.

एक अडचण मात्र सांगून ठेवते, कारण ती आमच्यावर आली. गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०१० अखेर संपला आणि आता कोणीही हे पुस्तक छापू शकतो. स्वस्तात घराघरांत पोहोचते हे चांगलेच आहे. परंतु आमच्यापैकी तिघांनी आणलेल्या प्रती संक्षिप्त निघाल्या, त्यांतल्या एकीवर तसे कुठे छापलेलेही नव्हते, आणि गाळलेल्या रात्री बहुतेक कर्जाच्याच होत्या. फुले, पत्रावळ, पोहणे सगळे जागच्या जागी होते.

येत्या शनिवारपासून आम्ही ‘श्याम’ वाचायला घेत आहोत, त्यानंतर ‘धडपडणारी मुले’. तुमच्या गावी, तुमच्या इमारतीत कोणी ‘श्यामची आई’ने सुरुवात करणार असेल, तर दुकानात प्रत हातात घेतल्यावर आधी अनुक्रमणिका उघडा, रात्री मोजा, आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ त्यात आहे ना, ते पाहूनच पैसे द्या.