डोडो गेला म्हणून झाड रुजायचे थांबले नाही

मॉरिशसमधील तांबालाकोक या झाडाची कोय डोडो या न उडणाऱ्या पक्ष्याच्या पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठराच्या भागात) घासून निघाल्याशिवाय रुजत नाही, त्यामुळे डोडो नामशेष होताच झाडाचाही वंश खुंटला आणि आता तिथे तीनशे वर्षांहून जुनी अशी केवळ १३ झाडे उरली आहेत, ही गोष्ट परस्परावलंबनाचा नमुना म्हणून सर्रास सांगितली जाते. ती कोणी हवेत रचलेली नाही. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ स्टॅन्ली टेंपल यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती मांडली होती. पुढे तिच्यावर जे आक्षेप घेतले गेले, ते मात्र गोष्टीबरोबर फिरले नाहीत.

सर्वांत कच्चा दुवा कोयीचाच आहे. तिचे कवच दगडासारखे टणक असते हे खरे; पण त्याच्याभोवती एक कमकुवत रेघ असते आणि आतला गर्भ वाढू लागला की त्या रेघेवर कवच उकलून टोपणासारखा तुकडा बाजूला सरकतो. लंडनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानाचे संचालक आर्थर हिल यांनी हे १९४१ मध्ये, म्हणजे टेंपल यांच्या लेखाआधी ३६ वर्षे, नोंदवून ठेवले होते. थोडक्यात, कवच फोडण्याचे काम आतूनच होते; बाहेरून झिजवणारा पक्षी लागतोच असे नाही.

टेंपल यांनी पुराव्यादाखल टर्कींना १७ कोयी बळेच भरवल्या. त्यांपैकी ७ पेषणीत चिरडल्या गेल्या आणि उरलेल्या १० पैकी ३ रुजल्या. तशाच न भरवलेल्या कोयी शेजारी पेरून तुलना केलेली नसल्यामुळे, त्या तीन टर्कीमुळे रुजल्या की एरवीही रुजल्या असत्या, हे या प्रयोगावरून ठरत नाही. शिवाय चिरडलेल्या सात कोयींकडे पाहिले, तर पेषणी बियांची शत्रूही असू शकते, हे या गोष्टीत सोयीने विसरले जाते.

वयाचा दावा त्याहून डळमळीत आहे. तांबालाकोकच्या खोडात वाढीची वार्षिक वलये नसतात, मग ‘तीनशे वर्षे’ मोजली कशी? १३ झाडांचा आकडाही टिकला नाही. मॉरिशसच्या वनखात्यातील ओवादाली यांनी १९७९ मध्ये ‘सायन्स’मध्येच उत्तर देऊन कोयी पक्ष्याविना रुजतात हे निदर्शनास आणले, आणि नंतरच्या पाहणीत या जातीची शेकडो झाडे आढळली.

डोडोने ही फळे खाल्लीच नसतील, असे म्हणायचे नाही. त्याच्याप्रमाणेच नामशेष झालेल्या महाकाय कासवांनीही ती खाल्ली असतील आणि कोयी दूरवर नेल्या असतील. झाड दुर्मीळ आहे, हेही खरेच आहे. परंतु त्याची कारणे शोधायची तर माणसाने बेटावर आणलेल्या माकडांकडे, डुकरांकडे आणि हरणांकडे, तसेच रोपांना जागाच न ठेवणाऱ्या परदेशी झुडुपांकडे आधी पाहावे लागते. ही सारी मंडळी तिथे आजही आहेत.