ओट्याबद्दल तुमचं बरोबर आहे

नमस्कार ताई,

मी केलेल्या तुमच्या घराच्या इंटिरियरबद्दलचा तुमचा रिव्ह्यू मी वाचला आणि साइटवरच्या सुतारालाही वाचून दाखवला. स्वयंपाकघरातला ओटा उंच झाला, अडीच महिन्यांचं काम पाच महिने चाललं, ७ लाखांचे पावणेनऊ झाले आणि सिंकखाली हलका प्लाय वापरला, अशा चार तक्रारी आहेत. दोन स्टार नुसत्या ओट्यासाठी दिले असते तरी मी काही म्हटलं नसतं, म्हणून आधी त्याचंच बोलते.

ओटा ३६ इंचांवर घेतला तो तुम्हा दोघांची उंची बघून. पहिल्या तिन्ही मीटिंगला तुम्ही दोघंच होतात. हॅण्डल कोणतं, टाइल मॅट की ग्लॉसी, चिमणी किती फुटी, यावर आपण तासन्‌तास घालवले. रोज पोळ्या कोण लाटतं, हे मात्र मी विचारलंच नाही. ग्रॅनाइट बसल्यावर तुमच्या घरच्या आई आल्या, त्यांनी पोळपाट मांडलं आणि लाटताना खांदे पार कानाशी गेले. त्यावर मी "होईल सवय" म्हणाले. ते बोलायला नको होतं. पावणेपाच फूट उंचीच्या बाईला त्या ओट्याची सवय होत नाही, तिचे खांदे दुखतात. उभं राहून कोपर वाकवायचं आणि त्याच्या चारेक इंच खाली ओटा घ्यायचा, इतकं साधं ते माप. आईंचं घेतलं असतं तर ३२ आलं असतं.

यावर करता येईल ते असं. ओट्याखालचे कपाटाचे बॉक्स ६ इंचांच्या प्लास्टिकच्या पायांवर उभे आहेत. ते काढून ३ इंचांचे लावले की ओटा ३३ वर येतो. त्यासाठी ग्रॅनाइट उचलावा लागेल, सिंकचा पाइप थोडा कापावा लागेल आणि भिंतीवरच्या टाइलखाली ३ इंच जागा उघडी पडेल. तिथे त्याच ग्रॅनाइटची पट्टी बसवू. शेगडीसाठी कापलेल्या भागाशी दगड तडकण्याची भीती असते. तडकला तर नवा दगड माझ्या खर्चाने, मजुरी तर माझीच. दोन दिवस स्वयंपाकघर बंद राहील, तेवढं सांभाळून घ्या.

उशिराचं म्हणाल तर निम्मा दोष माझा. साइट जुलैच्या मध्यावर मिळाली. भर पावसात व्हिनियरवर, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थरावर, पॉलिश मारलं की हवेतल्या ओलीने ते पांढुरकं पडतं, म्हणून ऊन पडेपर्यंत थांबलो. पुढे पितृपक्षात नवं फर्निचर घरात नको, असं तुमच्याकडूनच आलं. मग सुतार दिवाळीला राजस्थानला गेले, ते वीस दिवसांनी परतले. पण यातलं अचानक काहीच नव्हतं. कॅलेंडर माझ्याही भिंतीवर होतं. अडीच महिने मी सांगायलाच नको होते.

पैशांचा हिशेब इथेच मांडते. कोटेशन ७,००,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,२६,०००. "जीएसटी वेगळा" हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं; आता बेरीज पहिल्याच पानावर जीएसटीसकट लिहिते. नंतर वाढवलेल्या लॉफ्टचे २६,००० आणि वॉर्डरोबच्या लॅमिनेटचे २२,०००, दोन्ही जीएसटी धरून. शेवटच्या रकमेवर मात्र आपलं एकमत होणार नाही. राखाडी शेड घरातून व्हॉट्सअ‍ॅपवर ओके होऊन आली होती. दारं चिकटवून झाल्यावर ती बदलली. चिकटलेलं लॅमिनेट सोलून परत वापरता येत नाही, सहा दारं नव्याने करावी लागली. ओके कोणी पाठवला यात मला पडायचं नाही, पण सुताराने ते काम दोनदा केलं आणि त्याची मजुरी मी दोनदा दिली. ते २२,००० कमी होणार नाहीत.

प्लायबद्दलचा आरोप मला मान्य नाही. उरलेला तुकडा तुमच्याच माळ्यावर ठेवलाय, त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का आहे. शिक्क्यावर विश्वास नसेल तर तुकडा पातेल्यात घालून तीन-चार तास खळखळ उकळा. पदर सुटले तर सिंकखालच्या बॉक्सचे पूर्ण पैसे परत.

शनिवारी फोन करते. आईंची दुपारची झोप झाली की चारच्या सुमारास येईन. टेप आणतेच आहे. आधी त्यांचं कोपराचं माप घेऊ, मग दगडवाल्याला तारीख देऊ.